अंगावरून जाणे, अंगावर काढणे

दवाखान्यातल्या त्या छापील कागदावर नाव, वय, पत्ता हे रकाने आम्ही भराभर भरले. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यापाशी मात्र लेखणी थांबली. तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेली. अनुच्चारित आशय, सूचकता, लक्षणा-व्यंजना यांवर आम्ही तासन्‌तास बोललो आहोत. पण स्वतःच्या शरीराच्या एका भागाला गेली आठ वर्षे खाज सुटते, आग होते, हे साधे विधान त्या दोन इंचांच्या जागेत आम्हाला लिहिता येईना. शेजारी एक तरुण जोडपे बसले होते, समोर एक वयस्क गृहस्थ आपल्या पत्नीची फाईल मांडीवर घेऊन होते. आम्ही इकडेतिकडे पाहिले आणि लिहिले, 'त्वचेचा त्रास'. गंमत अशी, की प्रसंग टाळण्यासाठी लिहिलेले ते दोन शब्दच पुढे खरे ठरले. परंतु त्या वेळी ती आमची पळवाट होती, आणि ही पळवाट आमच्या एकटीची नव्हती. ती आम्हाला भाषेने दिली होती, आईने दिली होती.

आमची आई म्हणायची, "अंगावरून जातं." कोणाच्या? काय? कुठून? या वाक्यात यांपैकी कशाचेच उत्तर नाही. फार झाले तर 'पांढरं जातं' इतकी भर पडते. तेथेही कर्त्याच्या जागी एक विशेषण बसवलेले, आणि त्याचे नाम गाळलेले. गर्भाशय खाली सरकून बाहेर डोकावू लागले, की 'अंग बाहेर येतं'. बाळाला 'अंगावर' पाजायचे. स्तन, योनी, गर्भाशय या साऱ्यांचा कारभार आमच्या बोलीने 'अंग' या एकाच शब्दाकडे सोपवला आहे. आणि हे सारे सोसत राहायचे त्यालाही शब्द तोच : दुखणे 'अंगावर काढायचे'. अंगावरून जाते ते अंगावर काढायचे. या दोन वाक्प्रयोगांच्या मध्ये आमच्या आईचे, तिच्या आईचे, आणि आमचेही बरेचसे आयुष्य गेले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आमची कहाणी सांगण्याजोगी आहे ती तिच्या सामान्यपणामुळेच. पाळी जाण्याच्या सुमारास खाज सुरू झाली. एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टेबलाच्या पलीकडूनच विचारले, "खाज येते? पांढरं जातं?" आम्ही मान हलवली. "फंगल आहे," ते म्हणाले आणि क्लोट्रिमाझोलचे मलम व फ्लुकोनॅझोलची एक गोळी लिहून दिली. त्यांनी तपासले नाही, आणि आम्हालाही मनातून हायसेच वाटले. न पाहण्याचा हा करार उभयपक्षी होता. पुढे तीच चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवून आम्ही तेच मलम घेत राहिलो. मग दुकानदाराने त्याहून 'स्ट्राँग' म्हणून दुसरी ट्यूब दिली. तिच्यात बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड अशी तिहेरी मोट होती. तिने आठवडाभर बरे वाटायचे आणि पुन्हा आग. स्वच्छतेत कमी पडत असू, या अपराधी भावनेने आम्ही जंतुनाशक द्रव पाण्यात टाकून दिवसातून दोनदा धुऊ लागलो. आठ वर्षे ही अशी गेली. एवढ्या काळात ज्या जागेवर उपचार चालू होता ती जागा कोणी, म्हणजे डॉक्टरांनी, दुकानदाराने किंवा आम्ही स्वतः, एकदाही पाहिली नव्हती.

ज्यांच्या दवाखान्यातल्या कागदावर आमची लेखणी थांबली, त्या डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या. त्यांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "त्वचा कुठली?" आम्ही पुन्हा मोघम काही बोललो. त्यांनी घाई केली नाही. एकेक प्रश्न विचारीत गेल्या. खाज बाहेर आहे की आत? रात्री वाढते का? लघवी करताना आग होते, की लघवी बाहेरच्या कातडीला लागल्यावर होते? स्राव आहे का? असेल तर ताकासारखा की कवडीदह्यासारखा? फेस असतो का? वास येतो का, मासळीसारखा? संबंधांनंतर वास वाढायचा का? धुता कशाने?

या प्रश्नांनी आमच्यावर एक विचित्र परिणाम झाला. आम्ही उत्तरे देऊ लागलो. ताक, कवडी, फेस, मासळी, चुरचुर, ओढ, भेग : शब्द स्वयंपाकघरातून आणि अंगणातून आपण होऊन चालत आले. आजवर आम्ही समजत होतो, की या विषयाला मराठीत भाषाच नाही. संस्कृत घेतली तर अवघडते, गावरान घेतली तर शिवी होते, म्हणून इंग्रजीचा आसरा घ्यावा लागतो. त्या पंधरा मिनिटांत कळले, की भाषा मुबलक होती. विचारणारे कोणी नव्हते.

आणि हे प्रश्न निव्वळ आस्थेचे नव्हते. त्यांतल्या प्रत्येकाच्या मागे एक रोग उभा होता. बाईंनी तो तर्क आम्हाला नंतर समजावून सांगितला. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाच्या जिवाणूंची वस्ती असते. आल्बर्ट ड्योडरलाइन या जर्मन वैद्याने १८९२ साली त्यांचे वर्णन केले. हे जिवाणू दुग्धाम्ल तयार करतात आणि तेथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ इतका आम्लधर्मी राखतात. दूध विरजणारे जिवाणू यांचेच भाऊबंद. तेव्हा दह्याची उपमा काही अगदीच परकी नाही. ही वस्ती उठली आणि तिच्या जागी दुसऱ्या जिवाणूंची गर्दी झाली, की पातळ, करडा, मासळीसारख्या वासाचा स्राव येतो. तो बॅक्टेरियल व्हजायनोसिस. कॅन्डिडा ही बुरशी माजली, की दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट स्राव आणि बेसुमार खाज. वास मात्र फारसा नाही आणि आम्लताही बहुधा जागच्या जागी. तिसरा ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी. पॅरिसमध्ये आल्फ्रे दोने यांनी १८३६ साली तो सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिला. त्याचा स्राव पिवळट-हिरवा, कधी फेसाळ, आणि तो संबंधांतून पसरतो. 'अंगावरून पांढरं जातं' या एकाच वाक्यात हे तिन्ही मावतात. त्यात पाळीच्या मध्यावर येणारा अगदी नैसर्गिक स्रावही मावतो, आणि दुर्दैवाने गर्भाशयमुखाचा कर्करोगही मावतो. एका वाक्याला एवढे अर्थ ही कवितेची श्रीमंती असेल. रोगनिदानात तो घात आहे.

वेगळेपणा ओळखायला लागते ते साहित्यही फार नाही : एक स्पेक्युलम, पीएचची कागदी पट्टी, काचपट्टी, मिठाच्या पाण्याचा थेंब, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, आणि एक सूक्ष्मदर्शक. मिठाच्या पाण्यात ट्रायकोमोनास हलताना दिसतो, हायड्रॉक्साइडमध्ये पेशी विरघळून बुरशीचे धागे उघडे पडतात, आणि त्याच थेंबाने मासळीचा वास उसळला तर तीही एक खूणच. बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी आम्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये चार निकष मांडले. त्यांतले तीन जुळले तर निदान पक्के. तीनही रोगांची औषधे स्वस्त आणि जुनी आहेत. परंतु ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बुरशीचे मलम ट्रायकोमोनासला काही करत नाही, आणि मेट्रोनिडाझोलने बुरशी हटत नाही. उलट प्रतिजैविकांनंतर ती वाढू शकते.

आमच्या काचपट्टीवर यांपैकी काहीच निघाले नाही. तेव्हा बाईंनी दिव्याचा झोत फिरवला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "तुमचं दुखणं आत नाहीच. बाहेर आहे." मग त्यांनी आमच्या हातात एक छोटा आरसा दिला.

त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात ती जागा आम्ही प्रथम पाहिली. बोटाने दाखवत त्या सांगत गेल्या : ही बाहेरची ओठांसारखी घडी, ही आतली, हे मूत्रद्वार, हे योनिद्वार, आणि ही जी पांढरट, चुरगळलेल्या पातळ कागदासारखी कातडी दिसते आहे ती तुमच्या त्रासाचे मूळ. रोगाचे नाव लायकेन स्क्लेरोसस. तो संसर्ग नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच कातडीवर उलटते असे मानले जाते. अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही. उलट आमचे जंतुनाशक धुणे जखमेवर मीठ चोळत होते. त्या तिहेरी ट्यूबने आठवडाभर आराम का पडायचा तेही आता उलगडले : आराम त्यातल्या स्टेरॉइडचा होता, श्रेय आम्ही बुरशीच्या औषधाला देत होतो. एका ठिकाणची कातडी जाड वाटली म्हणून तिचा छोटा तुकडा तपासायला पाठवला, कारण या रोगात, उपचार न झाल्यास, थोड्या स्त्रियांमध्ये पुढे कर्करोग उद्‌भवू शकतो. अहवाल येईपर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले ते येथे सांगत नाही. अहवाल निर्धोक निघाला. क्लोबेटासोलचे मलम महिनाभर रोज, मग महिनाभर एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. साबण बंद, साधे पाणी. आणि वर्षातून एकदा तरी तपासणी, ती जन्मभर. तीन आठवड्यांनी आम्ही आठ वर्षांत प्रथमच सलग रात्रभर झोपलो.

आमच्या घोटाळ्याचे एक मूळ भाषेतही होते, हे मान्य करायला हवे. इंग्रजी वैद्यक बाहेरच्या भागाला एक नाव देते आणि आतल्या मार्गाला दुसरे. संस्कृतातही 'भग' आणि 'योनी' असे दोन शब्द आहेत, पण आमच्या सुशिक्षित मराठीत जे काही आहे ते 'तिथे' आहे. 'तिथे खाज येते' म्हटल्यावर आतले की बाहेरचे हा प्रश्नच उद्‌भवत नाही, आणि उपचार भलत्याच दारातून आत शिरतो. असे नेहमीच होते असेही नाही. 'चरकसंहिते'च्या चिकित्सास्थानात योनिव्यापदांचे वीस प्रकार नावानिशी वर्णिले आहेत. त्यांची कारणमीमांसा आज जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही; पण वीस वेगळी नावे ठेवण्याइतके कोणीतरी विचारले होते, ऐकले होते, एवढे तरी त्यातून दिसते. पुढे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ मराठीत उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला कर्वे हरले. आम्ही आमच्या वर्गात हा प्रसंग विचारस्वातंत्र्याचा म्हणून अनेकदा शिकवला. तो आमच्या अंगाचाही प्रसंग होता, हे शिकवताना कधी सुचले नाही.

बरे वाटू लागल्यावर आम्ही गडचिरोलीचा तो अभ्यास पुन्हा वाचला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, आणि जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अहवाल छापला. ५५ टक्के स्त्रियांनी काही तक्रार सांगितली होती. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग. त्यांतला निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गांचा. आणि याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. हे आकडे आम्ही पूर्वीही वाचले होते, आणि 'बिचाऱ्या खेड्यातल्या बायका' म्हणून हळहळलो होतो. आता वाचताना उमगले, की ज्या ९२ टक्क्यांना तपासले ते तरी कोणी पाहिले होते; आम्ही दोन पदव्या आणि प्राध्यापकी पदरी असून न पाहिलेल्यांतच होतो. राणीताईंच्या पुस्तकाचे नाव 'कानोसा' आहे. निदानाचा आरंभ कोठून होतो हे त्या तीन अक्षरांत आले.

अर्थात प्रत्येक गावात सूक्ष्मदर्शक आणि निवांत विचारणारी डॉक्टरबाई असणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच लक्षणांवरून थेट उपचार करण्याची पद्धत आली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात रंगीत औषधपुड्या आखल्या गेल्या. योनिस्रावासाठीच्या हिरव्या पुडीत सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, म्हणजे एकाच फटक्यात तिन्ही नेहमीच्या कारणांवर मारा. जेथे काहीच नाही तेथे हे पुष्कळ आहे, आणि त्याला नावे ठेवण्याचा आमचा अधिकार नाही. पण या पद्धतीतही पाहणे शक्य असेल तर पाहावे असेच अपेक्षित आहे. आणि पुडी दिली की ऐकायचे राहून जाते, हा धोका आहेच. गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास करून २००५ साली मांडले, की स्रावाच्या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मानसिक ताणाशी आणि सामाजिक परिस्थितीशी अधिक घट्ट दिसतो. म्हणजे 'अंगावरून जातं' या वाक्यात कधी बुरशी असते, कधी परजीवी असतो, आणि कधी सांगता न येणारा संसार असतो. याचा अर्थ 'मनाचे खेळ' म्हणून बाईला परत पाठवावे असा नव्हे. आधी पाहावे, मग ऐकावे, आणि मग पुन्हा ऐकावे, असा आहे.

आमच्या महाविद्यालयात एक सेविका आहेत. सगळे त्यांना मावशी म्हणतात. गेल्या पावसाळ्यात त्या ग्रंथालयाच्या पायरीवर बसल्या होत्या. "काय मावशी, बरं नाही का?" असे विचारले, तर म्हणाल्या, "काही नाही मॅडम, नेहमीचंच. अंगावरून जातं." एरवी आम्ही 'डॉक्टरांना दाखवा हो' म्हणून वर्गावर गेलो असतो. त्या दिवशी त्यांच्याशेजारी बसलो आणि विचारले, "पांढरं का पिवळं? फेस असतो का?" मावशींनी आमच्याकडे असे पाहिले, की जणू आम्ही अचानक त्यांच्या गावची बोली बोलू लागलो. मग त्या बोलल्या. तीन वर्षे. पिवळे, फेसाळ, घाण वास. दुकानातल्या गोळ्यांनी थांबते आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत येते.

त्यांना आम्ही बाईंकडे घेऊन गेलो. काचपट्टीवर ट्रायकोमोनास होता. गर्भाशयमुखाचीही तपासणी झाली. ते स्वच्छ होते. मेट्रोनिडाझोल, सात दिवस, दिवसातून दोनदा. आणि तेवढेच औषध नवऱ्यालाही; त्याला काही त्रास नसला तरी. तीन वर्षे ते पुन्हा पुन्हा का येत होते याचे उत्तर त्या दुसऱ्या पाकिटात होते. हा हिशेब ट्रायकोमोनासच्या बाबतीत जुनाच आहे. बॅक्टेरियल व्हजायनोसिस मात्र आजवर निव्वळ बाईच्या खात्यावर टाकलेले असे. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जोडीदार पुरुषालाही औषध दिल्यावर बारा आठवड्यांत रोग परतण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले. एकटीच्या अंगावर काढलेले दुखणे पुष्कळदा दोघांचे असते, असे आता सूक्ष्मदर्शकही म्हणू लागला आहे.

मावशी दवाखान्याच्या पायरीवर दोन्ही पाकिटे हातात धरून उभ्या राहिल्या. "ह्यांना काय सांगू मॅडम?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आठवड्याने त्या आम्हाला आपण होऊन भेटल्या. म्हणाल्या, "सांगितलं. म्हटलं, आपल्या दोघांना एकच रोग झालाय, तुम्हालाही सात दिवस गोळ्या घ्यायच्यात. दोन दिवस बोलले नाहीत. मग घेतल्या." आम्ही ते वाक्य मनात पुन्हा उच्चारून पाहिले. त्यात कर्ता होता, कर्म होते, आणि रोगाला रोग म्हटलेले होते.

आईची एक सवय अलीकडे सारखी आठवते. म्हातारपणी ती कधी सरळ बसत नसे. नेहमी एका कुशीवर भार देऊन, जरा कललेली. लघवीला जाऊन आली, की थोडा वेळ भिंतीला हात लावून उभी राहायची. आम्ही तिला गुडघ्याचे तेल आणून द्यायचो. बाईंनी सांगितले, की लायकेन स्क्लेरोसस कधीकधी एका घरात एकाहून अधिक बायकांना होतो. आईला तोच होता की आणखी काही, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही. तिने सांगितले नाही, एवढेच आम्ही आजवर म्हणत आलो. आम्ही विचारले नाही, हे आज लिहून ठेवतो.